वर्षभर जिगवर बास कसा धरायचा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डॅलस, प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या बाजूला राहणारे आपले बरेच जण गेल्या काही वर्षांत फिशिंगला लागलेत आणि शुक्रवारी रात्री त्यांचे मेसेज येतात, दादा उद्या कुठे जाऊ, काय टाकू, पाणी गार आहे का. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी मूळचा मालवणकडचा, खाडीवर गरवण्यात बालपण गेलं, टेक्सासला येऊन सतरा वर्षं झाली आणि त्यातली बारा वर्षं जवळपास फक्त जिगच टाकतोय. खाली जे लिहिलंय ते उत्तर आणि पूर्व टेक्सासच्या तलावांवरचं आहे, लेक फोर्क, सीडर क्रीक, रे हबर्ड, टेक्सोमा वगैरे. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर शेवटाकडे एक प्रश्न तुमच्यासाठी आहे.

जिग म्हणजे नक्की काय?

शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, त्यातच ओतलेला मोठा जाड हूक, डोक्यामागे सिलिकॉनच्या बारीक दोऱ्यांचा झुपका ज्याला स्कर्ट म्हणतात, आणि हुकापुढे ताठ तंतूंचा एक छोटा ब्रश, तो वीड गार्ड. वीड गार्डमुळे हूक काटक्यांत लगेच अडकत नाही. हुकावर मागून एक मऊ प्लास्टिकचा तुकडा लावतात, बहुतेक वेळा खेकड्याच्या नांगीसारखा, त्याला ट्रेलर म्हणायचं. पाण्यात हे सगळं मिळून क्रॉफिशसारखं दिसतं. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातली बोटभर शेवंड समजा, आणि ती बासची एकदम आवडती.

बास म्हणजे आपल्याकडचा कुठला मासा?

आपल्याकडच्या नद्यांत हा मासा नाही. स्वभावाने सगळ्यात जवळचा म्हणजे मरळ, तीसुद्धा गवताच्या, बुंध्याच्या आडोशाला दबा धरून बसते आणि जवळून काही गेलं की झडप घालते. गावी मरळ धरलेल्या माणसाला बास लवकर समजतो असं मला दिसलंय. इथे मुख्य मासा लार्जमाउथ. टेक्सोमात स्मॉलमाउथही मिळतो, तो आकाराने लहान पण ताकदीने दुप्पट वाटतो.

एवढे लूअर (नकली आमिषं) असताना जिगच का?

कारण तो बाराही महिने चालतो. क्रँकबेट (बुडी मारून पोहणारा नकली मासा), टॉपवॉटर (पाण्यावर तरंगणारं आमिष) हे सगळे मस्तच, पण त्यांचे दिवस ठरलेले असतात, पाणी गार झालं की टॉपवॉटर डब्यात जातो. जिग तुम्ही एक फुटात टाका, तीस फुटात टाका, ओढा, उडवा, पोहत आणा, नुसता ठेवून द्या, तो सगळं करतो. दुसरं म्हणजे जिगवर मासे कमी येतात पण आले तर मोठे येतात, हे मी माझ्या वहीवरून सांगतोय, ऐकीव नाही.

लेक फोर्कचं एक उदाहरण इथल्या प्रत्येक फिशरमनला तोंडपाठ असतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये मार्क स्टीव्हन्सन या गाइडने तिथे जिगवर १७.६७ पौंडांची मादी धरली, म्हणजे साधारण आठ किलो. तिला सोडायच्या किंवा मारायच्या ऐवजी राज्याच्या खात्याकडे जिवंत दिली, तिचं नाव पडलं एथेल आणि तिच्यापासून शेअरलंकर प्रोग्रॅम सुरू झाला. त्यात अशा मोठ्या माद्यांची पिल्लं वाढवून परत तलावांत सोडतात. आता खरं सांगायचं तर टेक्सासचा रेकॉर्ड मासा, १८.१८ पौंड, जानेवारी १९९२, तोही फोर्कचाच, पण तो जिगवर नाही तर क्रॅपी नावाच्या लहान माशासाठी लावलेल्या जिवंत मिनोवर, म्हणजे चाऱ्याच्या बारीक माशावर आला. तरी दोन्ही तारखा बघा. नोव्हेंबर आणि जानेवारी, म्हणजे जेव्हा आपले लोक थंडी आहे म्हणून घरात बसतात तेव्हा.

सुरुवातीला काय काय विकत घेऊ?

रॉड सात फूट किंवा चार-सहा इंच जास्त, मीडियम हेवी म्हणजे बऱ्यापैकी ताठ, टोकाला फास्ट म्हणजे फक्त टोकाकडेच वाकणारा. बेटकास्टर रील (लाइन गुंडाळायचं आडवं चाक), गिअर सातला एकच्या आसपास, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात चाक सात वेळा फिरतं. लाइन १५ किंवा १७ पौंडाची फ्लुरोकार्बन (पारदर्शक, प्लास्टिकच्या एकाच तंतूची), दाट गवतात जाणार असाल तर ५० पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन. गाठ पालोमार, आणि ओढायच्या आधी थुंकीने ओली करायची, नाहीतर फ्लुरोकार्बन तापून कमजोर होते आणि ते नेमकं मोठ्या माशाच्या वेळी कळतं.

जिग तीनच घ्या. गोल अंड्यासारख्या डोक्याचा फुटबॉल जिग अर्ध्या आउन्सचा, तो दगड-खडीच्या तळावर ओढायला. चपट्या डोक्याचा फ्लिपिंग जिग तीन अष्टमांश आउन्सचा, तो झाडं, झुडपं, डॉक (बोटी बांधायचे धक्के) यांच्यासाठी. आणि टोकदार डोक्याचा स्विम जिग, पांढरा, पाव किंवा तीन अष्टमांश. दुकानात भिंतभर जिग लटकलेले असतात आणि पहिल्याच दिवशी दोनशे डॉलर उडवलेले लोक मी बघितलेत, काही गरज नाही. हूक मात्र घरी आणून कानशीने घासा, जाड हूक असतो, बोथट असेल तर माशाच्या तोंडात शिरतच नाही.

सीझन कॅलेंडरवरून धरायचा का?

नाही, पाण्याच्या तापमानावरून. टेक्सासमध्ये फेब्रुवारीत एक आठवडा टी-शर्टचा आणि पुढचा बर्फाचा असू शकतो, माशाला तारीख माहीत नसते, त्याला अंगाला लागणारं पाणी कळतं. दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडला तरी काम होतं, बोटीवर असाल तर सोनारवर (पाण्याखालचं दाखवणारं मशीन) आकडा दिसतोच. खाली मी सगळीकडे फॅरेनहाइटच लिहिलंय, कारण इथे सगळी मशीन तेच दाखवतात.

जानेवारीत पाणी ४६-४८ वर आहे, जायचं का?

जायचं, पण दुपारी, आणि एकाच जागी तासभर बसायची तयारी ठेवून. थंडीत माशाचं सगळं शरीरच हळू चालतं, खाल्लेलं पचायलाच वेळ लागतो, त्यामुळे तो पाठलाग करत नाही. तीव्र उताराचा काठ बघा, जिथे जुन्या ओढ्याचं पात्र वळून काठाला येऊन चिकटतं तिथे मासा दोन-चार फूट वर-खाली होऊन खोल आणि उथळ दोन्ही गाठू शकतो, म्हणून तो तिथे थांबतो. फिनेस जिग, म्हणजे लहान आणि हलका जिग, किंवा फुटबॉल, ट्रेलर असा की ज्याचे पाय फार हलत नाहीत, आणि ओढायचं म्हणजे इतकं हळू की बघणाऱ्याला वाटावं माणूस झोपलाय. दोन इंच ओढा, दहापर्यंत मोजा. चावा पण जोरात नसतो, लाइन नुसती जड होते, ओला फडका उचलल्यासारखी.

फेब्रुवारी-मार्च हा सगळ्यात भारी काळ म्हणतात, ते का?

कारण पाणी ५० ओलांडून ६० कडे निघालं की अंड्यांनी भरलेल्या मोठ्या माद्या खोल पाण्यातून उथळ खाड्यांकडे सरकायला लागतात आणि वाटेत भरपूर खातात. त्या थेट येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात, जसा आपला माणूस कोकणात जाताना चिपळूणला चहा, कणकवलीला जेवण करत जातो तसं. त्यांचे थांबे शोधणं हाच सगळा खेळ. खाडीच्या तोंडाशी असलेला पॉइंट म्हणजे पाण्यात घुसलेलं जमिनीचं नाक, तो पहिला थांबा. मग ओढ्याचं वळण, मग त्या वळणावरचा एखादा बुंधा किंवा वाहून आलेल्या लाकडांचा ढीग, मग शेवटी अंडी घालायचा उथळ सपाट भाग. लेक फोर्कवर धरण १९८० मध्ये झालं तेव्हा झाडं बरीचशी तशीच उभी ठेवून पाणी भरलं होतं, त्यामुळे तिथे असे थांबे मोजता येणार नाहीत इतके आहेत आणि नवीन माणूस गोंधळतो. माझा उपाय साधा आहे, सरळ रांगेतली झाडं सोडायची आणि वेगळं दिसणारं झाड धरायचं, आडवं पडलेलं, जोडीने उभं, किंवा ओढ्याच्या अगदी कडेवरचं.

कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची लाट, आला की सगळं एका रात्रीत बदलतं. आदल्या दिवशी चार फुटात मासे लागले होते आणि आज आभाळ निळंशार, वारा उत्तरेचा, एकही चावा नाही. मासे पळून गेलेले नसतात, एक थांबा मागे गेलेले असतात. अशा दिवशी मी त्याच खाडीत राहतो, आठ-दहा फुटात येतो, जिग लहान करतो आणि अर्ध्या वेगाने ओढतो. गेल्या मार्चमध्ये अशाच दिवशी सहा तासांत दोनच चावे आले, त्यातला एक नऊ पौंडाचा होता, हात अर्धा तास थरथरत होते.

घरट्यावरचा मासा धरावा का?

पाणी साठीत आलं की नर उथळ जागी शेपटीने तळ साफ करून गोल घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर अंडी आणि नंतर पिल्लं राखत बसतो. टेक्सासमध्ये त्याला धरायला बंदी नाही. मी स्वतः घरट्यावर जिग टाकत नाही, कारण नर उचलला की दोन मिनिटांत सनफिश नावाचे लहान मासे येऊन अंडी फस्त करतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. ज्यांना धरायचाच आहे त्यांनी निदान फोटोत वेळ न घालवता त्याच जागी लगेच सोडावा. त्या दिवसांत मी घरट्यांच्या बाहेरच्या पहिल्या खोल कडेवर टाकतो, आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या माद्या तिथेच भेटतात.

मे-जूनपासून पुढे मासे गायब होतात, कुठे जातात?

दोन टोळ्या होतात. एक टोळी गवतात, डॉकखाली, सावलीत राहते, दुसरी खोल पॉइंटवर आणि पाण्याखालच्या उंचवट्यांवर जाते. सावलीवाल्यांसाठी फ्लिपिंग जिग, डॉकच्या खांबाला खेटून, आणि तोही सगळ्यात आतल्या, काळोख्या खांबाला. टाकताना जिग पाण्यात थाडकन पडता कामा नये, पाण्याच्या वर वीतभर आल्यावर अंगठ्याने स्पूल (रीलमधलं लाइन गुंडाळलेलं चाक) हलकेच दाबायचं. हे घरी अंगणात बादली ठेवून शिकता येतं, माझी मुलगी तसंच शिकली आणि आता तिचा नेम माझ्यापेक्षा बरा आहे.

खोल टोळीसाठी अर्धा ते पाऊण आउन्सचा फुटबॉल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी ८५ च्या पुढे जातं आणि तलावात थर पडतात, वर गरम, खाली गार, मधल्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. त्या सीमेखाली ऑक्सिजन फार कमी उरतो, म्हणून खाली गार आहे म्हणजे मासे तिथेच असणार हा हिशोब चुकतो. सोनारवर ती सीमा धुरकट रेघेसारखी दिसते. समजा रेघ २० फुटांवर असेल तर ३० फुटांवरचा सुंदर दगडी उंचवटा त्या महिन्यात रिकामाच. १२ ते १८ फुटांवरच्या जागा शोधा. आणि उन्हाळ्यात जड जिग मुद्दाम वापरतात कारण तो वेगाने पडतो, पोट भरलेला मासाही समोरून झपकन काही गेलं की प्रतिक्रिया म्हणून तोंड मारतो.

उन्हाची काळजी घ्या, पहाटे पाचला जा आणि दहाला घरी या, दुपारी एकची टेक्सासची उन्हं माशासाठी नाहीत आणि आपल्यासाठी तर नाहीतच.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत?

पाणी उतरायला लागलं की शॅड नावाच्या लहान माशांचे थवे खाड्यांच्या आत शिरतात आणि बास त्यांच्या मागे. तेव्हा पांढरा स्विम जिग, मागे बोटभर शेपटीचा स्विमबेट (लहान माशासारखा) ट्रेलर, आणि तळावर न नेता सरळ पोहत आणायचा, मध्येच थांबवायचा. पाण्यावर शॅड उडताना दिसले, बगळे काठाला जमलेले दिसले की तिकडे चला. मात्र याच काळात थर मोडून वरचं-खालचं पाणी मिसळतं, काही दिवस पाणी गढूळ होतं, वास येतो आणि फिशिंग बसतं. तो आठवडा मी गढूळलेला मुख्य तलाव सोडून वाहत्या ओढ्याच्या वरच्या टोकाला जातो.

रंग कुठला?

स्वच्छ पाण्यात ग्रीन पंपकिन किंवा ब्राऊन, गढूळ पाण्यात काळा-निळा, शॅडच्या मागे असतील तर पांढरा. फेब्रुवारीत स्कर्टमध्ये चार दोऱ्या लाल-केशरी घाला. याच्यापुढे रंगावर वेळ घालवू नका, वजन आणि पडण्याचा वेग याने जास्त फरक पडतो.

चावा आलेला कळतच नाही, काय करू?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि बरेच जण याच कारणाने जिग सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर. बहुतेक चावे जिग पडताना येतात, ओढताना नाही. बास तोंड उघडून पाण्यासकट जिग आत खेचतो आणि आवडला नाही तर तितक्याच झटकन बाहेर थुंकतो. तुमच्याकडे एक-दोन सेकंद असतात. म्हणून जिग पडताना लाइन पूर्ण सैल नको, कारण मग काहीच कळणार नाही, आणि पूर्ण ताणलेली पण नको, कारण मग जिग सरळ खाली न पडता तुमच्याकडे झोके घेत येतो. रॉडचं टोक जिगच्या मागोमाग खाली आणत जायचं, लाइनला किंचित झोळ ठेवून, आणि डोळे लाइन पाण्यात शिरते त्या जागेवर. खाडीत गरवताना आजोबा दोर तर्जनीवर घेऊन बसायचे, मीही फ्लुरोकार्बन रीलच्या पुढे बोटावर घेतो, तीच सवय.

कशाकशाला चावा समजायचं? टक असा एक ठोका. लाइन बाजूला सरकायला लागली. दहा फूट पाणी आहे आणि जिग पाच फुटातच थांबला. किंवा वजनच नाहीसं झालं, म्हणजे मासा जिग घेऊन तुमच्याकडेच पोहतोय. यातलं काहीही झालं की रॉड खाली नेऊन सैल लाइन गुंडाळा आणि जोरात वर झटका मारा. शंका आली तरी मारा. दगडाला झटका मारला तर काही बिघडत नाही.

सरावासाठी एक दिवस असा काढा की डब्यात फक्त जिग, बाकी सगळं घरी. कुठल्याही स्वच्छ तळ्यावर, दगड कसा लागतो, चिखल कसा लागतो, लाकूड कसं लागतं हे हाताला कळेपर्यंत ओढत राहायचं. खडीवर कुरकुर लागतं, चिखलात जिग रुतून जड येतो, लाकडावर अडखळून मग सुटतो. तळ ओळखता यायला लागला की तळापेक्षा वेगळं काही झालं तर तोच चावा.

बोट नाही, किनाऱ्यावरून जमेल?

नक्की जमेल, थंडीत आणि वसंतात तर जास्त बरं कारण मासे काठाजवळ असतात. धरणाच्या दगडी बांधावर, पुलाखाली आणि बोट रॅम्पच्या कडेने जिग ओढा, पण काठाला समांतर टाका, सरळ समोर नको, म्हणजे जिग सगळा वेळ माशांच्या पट्ट्यात राहतो. गवतात पाय ठेवताना बघून, पाण्याकाठी कॉटनमाउथ साप असतात आणि तो विषारी आहे, फायर अँट या चावऱ्या मुंग्यांची वारुळं पण.

लायसन्स, नियम?

१७ वर्षं आणि पुढच्या माणसाला टेक्सासमध्ये लायसन्स लागतं, टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर पाच मिनिटांत मिळतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ सलग इथे राहत असाल तर रेसिडेंटचं स्वस्त लायसन्स मिळतं. साधं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, हे लक्षात न राहिल्यामुळे सप्टेंबरात दंड भरलेले लोक मला माहीत आहेत. स्टेट पार्कच्या आत किनाऱ्यावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे पाहुण्यांना टायलर स्टेट पार्कसारख्या ठिकाणी न्या. लार्जमाउथचा सर्वसाधारण नियम दिवसाला पाच आणि किमान १४ इंच, पण लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा सोडावाच लागतो आणि २४ इंच किंवा त्यापुढचा फक्त एक ठेवता येतो. तलावागणिक नियम वेगळे असतात, जायच्या आधी साइटवर बघाच. बोट असेल तर पाणी पूर्ण काढून, पुसून, वाळवून न्या, टेक्सोमात २००९ मध्ये सापडलेले झेब्रा मसल (उपद्रवी बारीक शिंपले) आता कितीतरी तलावांत पसरलेत आणि ते बोटीतल्या पाण्यातूनच जातात. तेरा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट कायद्याने घालावंच लागतं, थंडीत तर मोठ्यांनीही घालावं.

खायचा की सोडायचा?

आई इथे आली की तिला हा प्रश्नच पटत नाही, मासा धरून सोडतात म्हणजे काय. मी तिला नियमात बसणारे १४-१५ इंची दोन-तीन आणून देतो, ती रव्यात तळते आणि छान लागतात. मोठा मात्र कधीच आणत नाही. मोठे जवळपास सगळे मादीच असतात आणि तेवढं व्हायला कितीतरी वर्षं लागतात, शिवाय मोठ्या बासमध्ये पारा जास्त साठतो आणि काही तलावांसाठी तसे सरकारी इशारेही आहेत, गरोदर बायका आणि लहान मुलं घरात असतील तर ते आधी वाचा. सोडताना हात ओले करा, खालचा जबडा धरा आणि जड माशाला नुसतं जबड्याला आडवं लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या.

मी न्यू जर्सी किंवा मिनेसोटात आहे, हे सगळं चालेल का?

तापमानाचे आकडे चालतील, महिने नाही. इथे मार्चमध्ये जे होतं ते तुमच्याकडे मे-जूनमध्ये होईल. उत्तरेकडच्या काही राज्यांत वसंतात बास धरायला बंदी असते किंवा धरून सोडावाच लागतो, ते तपासा. न्यू हॅम्पशायरमध्ये एक आउन्स आणि त्याखालचे शिशाचे जिग बेकायदा आहेत कारण लून पक्षी ते गिळून मरतात, तिथे टंगस्टन घ्या. महाग पडतं, पण लहान आणि कडक असल्यामुळे तळ जास्त चांगला कळतो, मी इथेही हळूहळू तिकडेच वळतोय.

जिग सारखा अडकतो, पैसे पाण्यात जातात, काय उपाय?

पहिली चूक म्हणजे अडकला की लगेच जोरात ओढणं, त्याने हूक लाकडात आणखी रुततो. लाइन सैल सोडा, रॉडचं टोक झटपट हलवा, जिगचं स्वतःचं वजनच त्याला मागे पाडतं. नाही सुटला तर लाइन हलकी ताणून बोटाने तंतुवाद्याच्या तारेसारखी खेचून सोडा, दोन-चार वेळा. तरी नाही तर काठावरून चालत पलीकडे जाऊन उलट्या बाजूने ओढा. आणि सुटला की लगेच परत टाकू नका, शेवटची दोन फूट लाइन बोटांतून फिरवून बघा, खरखरीत लागली तर तेवढी कापून नवीन गाठ मारा.